समुद्रातल्या तेल रिगवर पहिली नोकरी कशी मिळते? भोकरदनपासून बॉम्बे हायपर्यंतचा रस्ता समजून घ्या

'ऑइल रिगवर भरती, दहावी पास चालेल, पगार लाखात, राहणं-खाणं फ्री, आजच संपर्क करा.' अशी जाहिरात तुमच्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीतरी आली असेल. खाली एक मोबाइल नंबर असतो. फोन केला की आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागतात, मग मेडिकलचे, मग व्हिसाचे. भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड या भागातल्या मुलाने समुद्र फक्त सिनेमात पाहिलेला असतो, त्यामुळे यातलं खरं काय आणि खोटं काय हे विचारायला जवळ कुणी नसतं.

समुद्रातल्या तेलाच्या कामात खऱ्या नोकऱ्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच आयटीआय झालेल्या मुलांना मिळू शकतात. पण तिथे जायचे रस्ते ठरलेले आहेत. ते कोणते, ते एकेक करून पाहू.

हे काम नेमकं कुठे चालतं?

भारतातलं समुद्रातलं सगळ्यात मोठं तेलक्षेत्र महाराष्ट्रासमोरच आहे. मुंबईपासून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर 'मुंबई हाय' आहे. जुने लोक अजून 'बॉम्बे हाय'च म्हणतात. १९७४ मध्ये ओएनजीसीच्या 'सागर सम्राट' या रिगला तिथे तेल लागलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं.

तिथे दोन प्रकारच्या जागा असतात. रिग म्हणजे विहीर खोदणारं यंत्र. एक विहीर झाली की ते दुसरीकडे हलवतात. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्राच्या तळावर पाय रोवून कायमचा उभा केलेला लोखंडी सांगाडा. विहिरींतून आलेलं तेल आणि गॅस तिथे वेगळे होतात आणि पाइपलाइनने किनाऱ्यावर येतात. रायगड जिल्ह्यात उरणला त्याचा मोठा प्रकल्प आहे. यांच्या जोडीला सामान नेणारी जहाजं आणि बांधकामाच्या मजुरांना राहण्यासाठी वापरले जाणारे बार्ज असतात. माणसं मुंबईच्या जुहूहून हेलिकॉप्टरने किंवा न्हावा इथल्या तळावरून बोटीने जातात.

पहिली नोकरी कोणत्या कामाची मिळते?

'ऑइल रिगची नोकरी' म्हणजे एकच नोकरी नाही. नवख्या माणसाला साधारण या कामांत जागा मिळते:

• रिगवरची अंगमेहनत: डेक साफ ठेवणं, पाइप हलवणं, क्रेनला माल बांधणं, रंग देणं. या कामाला रूस्टअबाउट म्हणतात. अनुभव आला की खोदकामाच्या टोळीत फ्लोअरमन म्हणून वर जाता येतं.
• कारागिरी: वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, एसी मेकॅनिक. यात आयटीआय लागतंच.
• बांधकाम आणि दुरुस्ती: रिगर, परांची बांधणारे, ब्लास्टिंग-पेंटिंग करणारे, हेल्पर.
• स्वयंपाकघर आणि राहण्याची व्यवस्था: कुक, स्टुअर्ड, कपडे धुणारे. ही माणसं केटरिंगचे ठेकेदार घेतात.
• जहाजावरचा खलाशी: याचं शिक्षण आणि कागदपत्रं वेगळी असतात. त्याबद्दल पुढे येईलच.

यातल्या बहुतेक जागांवर ओएनजीसी स्वतः माणूस ठेवत नाही. रिग भाड्याने देणारी कंपनी, बांधकामाची कंपनी, तिचा ठेकेदार, त्याचा पोटठेकेदार अशी साखळी असते. त्यामुळे 'ओएनजीसीत लावतो' असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारायचा: पगाराच्या पावतीवर नाव कुणाचं असेल?

ओएनजीसीत थेट जायचे मार्ग कोणते?

मार्ग दोन आहेत. पहिला अप्रेंटिसशिपचा. ओएनजीसी वेळोवेळी जाहिरात काढून आयटीआय, डिप्लोमा आणि पदवीधर मुलांना अप्रेंटिस म्हणून घेते. त्यात मुंबई विभागाच्या जागा असतात. नोंदणी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करायची. निवड परीक्षेतल्या मार्कांवर होते. स्टायपेंड मिळतो, पण काम बहुतेक किनाऱ्यावरच्या केंद्रात असतं आणि पुढे नोकरीची हमी नसते. तरीही ओएनजीसीचा अनुभव बायोडाटावर आला की ठेकेदार कंपन्यांत दार उघडायला मदत होते.

दुसरा मार्ग कायम भरतीचा. जाहिरात ओएनजीसीच्या वेबसाइटवर येते, संगणकावर लेखी परीक्षा होते आणि कामानुसार शारीरिक चाचणी होते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या पदांच्या भरतीतली मुलाखत बंद केली आहे. त्यामुळे 'मुलाखतीत आपला माणूस आहे, दोन लाख द्या' असं सांगणारा माणूस जी गोष्ट होतच नाही तिचे पैसे मागतोय.

ठेकेदार कंपन्यांत काम कसं मिळतं?

इथे कारागिरी बघतात. वेल्डरचंच उदाहरण घ्या. जालन्याच्या एमआयडीसीत सळईचे कारखाने आहेत आणि भोकरदनची कितीतरी मुलं तिथे वेल्डिंग, फिटिंग करतात. पण कारखान्यातलं पत्र्याचं वेल्डिंग आणि तेलाच्या पाइपचं वेल्डिंग यांत फरक आहे. समुद्रातल्या पाइपच्या कामासाठी सहसा 'सिक्स जी' चाचणी मागतात. त्यात पाइप ४५ अंशांत तिरका आणि घट्ट बसवलेला असतो. तो फिरवता येत नाही, वेल्डरने स्वतः भोवती फिरत जोड मारायचा. तो जोड नंतर एक्स-रे काढून तपासला जातो.

म्हणून भोकरदनहून थेट समुद्रात उडी मारण्यापेक्षा मधली एक पायरी घेणं फायद्याचं. आयटीआय झाल्यावर जालना किंवा वाळूजच्या कारखान्यात एक-दोन वर्षं, मग रिफायनरी, पाइपलाइन किंवा जहाजबांधणीच्या कामावर काही काळ, आणि मग समुद्र. रिफायनरीत 'वर्क परमिट' म्हणजे लेखी परवानगीशिवाय कामाला हात न लावण्याची शिस्त अंगात मुरते. समुद्रातल्या कंपन्यांना तीच हवी असते.

भरतीला हंगाम असतो, हेही माहीत असू द्या. अरबी समुद्रातलं बांधकाम पावसाळ्यात बंद असतं. पाऊस ओसरला की ऑक्टोबरच्या आसपास कामं सुरू होतात आणि मे महिन्यात आवरतात. त्यामुळे हेल्पर, रिगर, वेल्डर यांची शोधाशोध पावसाळ्याच्या शेवटी वाढते. याचा दुसरा अर्थ असा की 'महिन्याला इतका पगार' सांगितला तरी तो बारा महिने मिळेलच असं नाही. रिगवरचं आणि प्लॅटफॉर्मवरचं काम मात्र वर्षभर चालतं.

बोसिएट आधी करून ठेवावं का?

बोसिएट हा समुद्रात जाण्याआधीचा सुरक्षा कोर्स. आग विझवणं, प्रथमोपचार, लाइफ जॅकेट घालून पाण्यात तग धरणं हे तीन दिवसांत शिकवतात. त्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडणं. तलावात हेलिकॉप्टरचा सांगाडा बुडवून, उलटा करून हा सराव घेतात. पट्टीचं पोहता आलंच पाहिजे असं नाही, पण पाण्याची भीती असेल तर अडतं. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलांना इथे थोडा फायदाच होतो.

'ओपिटो' या संस्थेच्या मान्यतेचं बोसिएट प्रमाणपत्र ४ वर्षं चालतं. त्यानंतर उजळणीचा कोर्स करावा लागतो. ओएनजीसीची स्वतःची सुरक्षा प्रशिक्षण संस्था गोव्यात बेतुल इथे आहे.

'आधी कोर्स करा, नोकरी आम्ही लावतो' असं सांगणारे क्लासवाले सोशल मीडियावर खूप आहेत. पण बोसिएट हा फक्त समुद्रात जायचा परवाना आहे. त्याने कारागिरी येत नाही आणि नोकरीही मिळत नाही. हातात काम नसताना कोर्स केला तर प्रमाणपत्राची ४ वर्षं घरी बसून संपतात. शिवाय कोणतं प्रमाणपत्र चालेल हे प्रत्येक कंपनी वेगळं ठरवते. म्हणून आधी कंपनीचं लेखी पत्र घ्या, मग कोणता कोर्स हवा ते विचारा आणि खर्च कोण करणार तेही ठरवून घ्या. पासपोर्ट मात्र आधीच काढून ठेवा. त्याला वेळ लागतो आणि तो कुठेही उपयोगी पडतो.

जहाजावर खलाशी व्हायचं असेल तर?

त्यासाठी जीपी रेटिंग नावाचा ६ महिन्यांचा निवासी कोर्स असतो आणि सीडीसी नावाचं खलाशाचं पुस्तक लागतं. दोन्ही गोष्टी मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या म्हणजे डीजी शिपिंगच्या नियमांखाली येतात. प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव डीजी शिपिंगच्या मान्य यादीत शोधा. जहाजावर माणसं भरणाऱ्या एजन्सीला 'आरपीएसएल' परवाना लागतो आणि नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला तिला कायद्याने बंदी आहे.

आखाती देशात जायचं असेल तर?

सौदी अरेबिया, यूएई, कतार इथे तेलाचं काम मोठं आहे. तिथे माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असावा लागतो. 'ई-मायग्रेट' या सरकारी वेबसाइटवर एजंटचं नाव टाकलं की परवाना चालू आहे की संपला, ते दिसतं. परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी इतकीच सेवा फी घेता येते, तीही पावती देऊन. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' शेरा असतो. त्यांना आखाती देशांत कामाला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही परवानगी टाळायला 'टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बदलून देऊ' असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

फसवणूक कशी ओळखायची?

• नोकरीचं पत्र जीमेलसारख्या फुकट ईमेलवरून आलं आहे.
• चाचणी न घेता, काम न बघता 'सिलेक्शन' झालं आहे.
• पैसे एखाद्या माणसाच्या खात्यात किंवा यूपीआयवर मागितले जात आहेत.
• मूळ मार्कशीट किंवा पासपोर्ट ठेवून घेतला जातो आहे.
• कंपनीचं नाव मोठं आहे, पण तिच्या वेबसाइटवर ही भरतीच नाही.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

तिथलं जगणं कसं असतं?

रोज १२ तास काम. ओएनजीसीच्या कायम कर्मचाऱ्यांना साधारण १४ दिवस समुद्रात आणि १४ दिवस सुट्टी मिळते. ठेकेदाराच्या माणसांना सलग महिनाभर किंवा त्याहून जास्त राहावं लागतं. जेवण आणि राहणं फुकट असतं. दारूला सक्त बंदी, काडेपेटी-लायटर ठेवायला बंदी. घरी कुणी आजारी पडलं तरी हेलिकॉप्टरमध्ये जागा आणि हवामान, दोन्ही जमून यावं लागतं. सणाला, पेरणीला, लग्नकार्याला तुम्ही असालच असं नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

धोका किती आहे?

धोका खरा आहे. २७ जुलै २००५ ला 'समुद्र सुरक्षा' या जहाजावरच्या एका जखमी कुकला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर पोहोचवताना जहाज मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मला धडकलं. गॅसची पाइप फुटली आणि आग लागली. दोन तासांच्या आसपास अख्खा प्लॅटफॉर्म गेला. ३८४ पैकी ३६२ लोक वाचले, २२ जणांचा जीव गेला. पुढे २००८ मध्ये समुद्रातल्या तेल-गॅस कामासाठी सुरक्षेचे स्वतंत्र नियम आले.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात 'पी-३०५' हा बार्ज नांगर तुटून भरकटला, एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि बुडाला. त्यावर २६१ लोक होते. नौदलाने १८६ जणांना वाचवलं. याच वादळात 'वरप्रदा' ही टग बोटही बुडाली. दोन्ही मिळून ८६ माणसं गेली. हवामान खात्याचा इशारा आधीच आलेला होता. मेलेल्यांत ठेकेदारांकडे कामाला असलेले कामगार मोठ्या संख्येने होते. २८ जून २०२२ ला तर हेलिकॉप्टरच समुद्रात उतरवावं लागलं. त्यातल्या ९ पैकी ४ जण दगावले. तीन दिवसांच्या कोर्समध्ये उलट्या हेलिकॉप्टरचा सराव का घेतात, ते यावरून कळेल.

सही करण्याआधी काय विचारायचं?

१. माझी कंपनी कोणती? नेमणूकपत्र तिच्याच नावाचं आहे का?
२. किती दिवस समुद्रात, किती दिवस सुट्टी? सुट्टीचा पगार मिळतो का?
३. पीएफ कापला जातो का? विमा किती रकमेचा आहे आणि वारस म्हणून नाव कुणाचं लावलं आहे?
४. मेडिकल, कोर्स आणि प्रवास यांचा खर्च कोण करणार?
५. मी राहणार कुठे, रिगवर की बार्जवर? वादळाचा इशारा आला तर किनाऱ्यावर आणायचा निर्णय कोण घेतं?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, पण तोच नक्की विचारा. या पाच उत्तरांचा एक कागद करून घरी ठेवा, सोबत कंपनीचा आणि ठेकेदाराचा फोन नंबर लिहा. भोकरदन ते मुंबई साधारण चारशे किलोमीटर आहे आणि पुढे समुद्रात आणखी १६०. एवढ्या लांब काही घडलं, तर कुणाला फोन करायचा हे घरच्यांना माहीत असलं पाहिजे.