मूलपेशींचा मागोवा
मूलपेशींचा मागोवा : रुग्णाच्या शरीरात सोडलेल्या मूलपेशी (स्टेम सेल) कुठे पोहोचल्या, किती उरल्या आणि किती काळ जगल्या, हे स्कॅनवरून पाहण्याची पद्धत. नुसत्या स्कॅनमध्ये बाहेरून सोडलेली पेशी आणि शरीराची मूळ पेशी वेगळी ओळखू येत नाही. म्हणून टोचण्याआधीच पेशींवर खूण करतात.

जर्मनीतील हॅनोव्हर येथे केलेल्या आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या पद्धतीची गरज ठळकपणे दाखवली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 9 रुग्णांच्या अस्थिमज्जेतील पेशींवर किरणोत्सारी फ्लोरिन-18 असलेल्या ग्लुकोजची खूण करून पेट स्कॅन काढले. पेशी थेट हृदयाच्या रोहिणीत सोडूनही तासाभराने हृदयात त्यांपैकी जेमतेम 1.3 ते 2.6 टक्के सापडल्या. बाकीच्या मुख्यतः यकृतात आणि प्लीहेत गेल्या होत्या. पृष्ठभागावर सीडी-34 हे प्रथिन असलेल्या, निवडून घेतलेल्या पेशींचे प्रमाण मात्र 14 ते 39 टक्के भरले. हाताच्या शिरेतून दिलेल्या पेशी हृदयात जवळजवळ दिसल्याच नाहीत.

फ्लोरिन-18 चा अर्धायुकाल सुमारे 110 मिनिटे, त्यामुळे हा मागोवा काही तासांतच संपतो. इंडियम-111 वापरल्यास काही दिवस मिळतात. आठवडे हवे असतील तर एमआरआय : पेशींत लोह-ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण भरतात आणि त्या जागी प्रतिमेत काळा डाग उमटतो. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथे याच खुणेने डेंड्रिटिक पेशींचा (या प्रतिकारसंस्थेच्या पेशी, मूलपेशी नव्हेत) माग काढला, तेव्हा सोनोग्राफीत पाहत सुई टोचूनही 8 पैकी 4 रुग्णांत पेशी लसीका ग्रंथीत पडल्याच नव्हत्या, असे आढळले.

या पद्धतींची खरी अडचण म्हणजे स्कॅनमध्ये खूण दिसते, पेशी नव्हे. मूलपेशी मेली तरी तिच्यातील लोह भक्षकपेशी गिळतात आणि डाग तसाच राहतो; पेशी विभागत गेली तर खूण विरळ होते. यावर उपाय म्हणून पेशीत सूचक जनुक घालतात. त्याचे प्रथिन जिवंत पेशीच बनवते आणि विभाजनानंतर ते जनुक पुढील पेशींतही उतरते. मात्र त्यासाठी पेशीच्या जनुकसंचात फेरफार करावा लागतो, म्हणून माणसांत त्याचा वापर फार जपून होतो.

पेशी जागेवर पोहोचल्याचा पुरावा नसेल, तर फसलेल्या चाचणीत पेशीच कुचकामी होत्या की त्या तिथे गेल्याच नाहीत, हे सांगता येत नाही.