खिडकीतली चौकट

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या घरांत खिडकीच्या एसीसाठी सुताराकडून करून घेतलेली लाकडी चौकट ही नाइलाजाची ठिगळबाजी समजली जाते. मला ती वाळ्याच्या पडद्याची थेट वारस वाटते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली, नहरींनी गावात पाणी खेळवलं. तरी एप्रिल-मेची कोरडी झळ उरलीच. तिच्यावरचा उपाय खिडकीत होता: वाळा पाण्याने भिजवायचा, वाऱ्याने तो सुकताना आतली हवा गार व्हायची. पुढे कूलरने तेच तत्त्व पत्र्याच्या पेटीत घातलं आणि ती पेटी खिडकीला टेकवण्यासाठी पुन्हा लाकूडच लागलं.

एसीचं तंत्र निराळं, हा आक्षेप रास्त आहे. वाळ्याला वारा आत यायला हवा, एसीला फटसुद्धा चालत नाही. पण म्हणूनच सुताराचं काम अधिक नेमकं झालं. कॉम्प्रेसरमुळे मागची बाजू जड, म्हणून बाहेर लोखंडी अँगलचा आधार. पाणी खोलीत न येता बाहेर गळावं म्हणून चौकटीला बाहेरच्या अंगाला किंचित उतार. उरलेल्या जागेत प्लायवूड, कडेने फोमची पट्टी. खिडकी मोठी, यंत्र लहान, हा मेळ कारखाना घालून देत नाही. स्प्लिट एसी आल्यावर भिंतीला भोक पुरतं, खिडकी मोकळी होते. पण वाड्याच्या रुंद दगडी भिंतीला भोक पाडणं सोपं नसतं, आणि भाडेकरूला तर ती मुभाही क्वचितच मिळते. तिथे अजूनही रंधा, पटाशी आणि गुण्या घेऊन सुतारच यावा लागतो.