चंद्राच्या उजेडात सापडलेला पुरावा



उन्हाळ्यात आपण गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालतो, डोक्यावर पदर घेऊन दिवसभर शेतात राबतो. उन्हाचे चटके आपल्याला कळतात. पण उन्हात एक भाग असाही असतो, जो कळत नाही. ते अतिनील किरण. ते फार आले तर त्वचेचा कर्करोग होतो, मोतीबिंदू वाढतो, पिकांनाही इजा होते. त्यातले बरेचसे किरण वरच्या वर अडवले जातात. जमिनीपासून साधारण पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंचीवर, ज्या थराला शाळेच्या पुस्तकात स्थितांबर म्हणतात, तिथे ओझोन वायू असतो. तो आपलं हे छप्पर. हे छप्पर का विरत होतं, याचा पुरावा शोधणाऱ्या एका बाईंची गोष्ट आज सांगते. त्यांचं नाव सुझन सॉलोमन.

गोष्ट सुरू होते १९७४ साली. अमेरिकेतल्या रोलंड आणि मोलिना या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एक धोका दाखवला. तेव्हा फ्रीजमध्ये आणि सुगंधी फवाऱ्यांच्या डब्यांत क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू वापरत. ते पेटत नाहीत, विषारीही नाहीत, म्हणून सगळे त्यांना निरुपद्रवी समजत. पण तेच वायू वर्षानुवर्षं हवेत टिकतात, हळूहळू स्थितांबरात पोचतात आणि तिथल्या कडक किरणांनी फुटतात. त्यातून क्लोरीन सुटतो. चमचाभर विरजण जसं पातेलंभर दुधाचं दही करतं, तसा क्लोरीनचा एक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडतो आणि स्वतः शिल्लकच राहतो.

अमेरिकेत पुष्कळ लोकांनी असे फवारे घेणं आपणहून कमी केलं, आणि १९७८ मध्ये तिथे अशा बहुतेक फवाऱ्यांत या वायूंवर बंदी आली. पण फ्रीजमध्ये वापर चालूच राहिला. हे वायू बनवणाऱ्यांचं म्हणणं असं, की हा नुसता कागदावरचा हिशेब आहे, पुरावा कुठे आहे?

१९८५ मध्ये पुरावा मागणारे आणि हिशेब मांडणारे, दोघेही चकित झाले. अंटार्क्टिकावर, म्हणजे दक्षिण ध्रुवावरच्या बर्फाच्या खंडावर, हॅली बे इथे ब्रिटिश शास्त्रज्ञ कित्येक वर्षं ओझोन मोजत होते. फारमन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी जाहीर केलं, की ऑक्टोबर महिन्यात तिथला ओझोन पूर्वीपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने घटतो आहे. एवढी घट कोणाच्याच हिशेबात नव्हती. आणि जिथे वस्ती नाही, फ्रीज नाहीत, तिथेच का? कोणी म्हणालं, सूर्यातल्या बदलांमुळे. कोणी म्हणालं, वाऱ्यांनी ओझोन इकडचा तिकडे नेला. कोणी क्लोरीनकडे बोट दाखवलं.

सुझनबाई तेव्हा तिशीत पोचत होत्या. शिकागोत जन्मलेल्या, कोलोरॅडोत बोल्डर इथल्या सरकारी हवामान संशोधन संस्थेत नोकरीला. त्यांचं काम संगणकावरचं. संगणकात हवेची प्रतिकृती मांडायची, तिच्यात ऊन, वारा, वायू घालायचे आणि पुढे काय होतं ते बघायचं. त्यांना सुचलं, की फरक ढगांचा असावा. ध्रुवावर हिवाळाभर रात्र असते. थंडी इतकी, की स्थितांबरातही बर्फाळ ढग बनतात. एरवी क्लोरीन दुसऱ्या संयुगांत जखडलेला असतो. या ढगांच्या कणांवर तो मोकळा होतो, आणि वसंतात ऊन परतलं की ओझोनवर तुटून पडतो. दक्षिण गोलार्धातला वसंत म्हणजे आपला सप्टेंबर-ऑक्टोबर. रोलांडो गार्सिया, रोलंड आणि वेबल्स यांच्यासह त्यांनी हे जून १९८६ मध्ये छापलं.

पण हाही हिशेबच होता. म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या तिथल्या मॅकमर्डो तळावर गेल्या, तेही मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञ म्हणून. त्यांचं उपकरण उजेड तपासून हवेत कोणते वायू आहेत ते सांगे. सूर्य जेमतेम वर येई, म्हणून त्यांनी चंद्राचा उजेड वापरला. हाडं गोठवणाऱ्या थंडीत रात्री छपरावर चढायचं आणि चांदणं उपकरणात पडेल असे आरसे फिरवत राहायचं. क्लोरीन डायॉक्साइड हा वायू अपेक्षेच्या सुमारे शंभरपट निघाला. याचा अर्थ क्लोरीन मोकळा झाला होता.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी तळावरूनच सांगितलं, की कारण रासायनिक दिसतं. वाऱ्यांचा पक्ष घेणाऱ्या काही शास्त्रज्ञांना ही घाई वाटली. मग १९८७ मध्ये त्या पुन्हा गेल्या, आणि चिलीहून उडालेल्या विमानांनी त्या थरातच जाऊन मोजमाप केलं. जिथे क्लोरीनचं संयुग वाढलेलं, तिथेच ओझोन घटलेला. वाद संपला.

१६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलमध्ये करार झाला. भारताने तेव्हा सही केली नाही. वायू श्रीमंत देशांनी सोडले, मग खर्च आम्ही का सोसायचा, हा आपला सवाल होता. १९९० च्या लंडन बैठकीत मनेका गांधी यांनी तो मांडला. गरीब देशांसाठी निधी ठरला आणि १९९२ मध्ये भारत करारात आला.

२०१६ मध्ये सुझनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा मोजमाप आणि संगणकाचा हिशेब शेजारी ठेवले. सप्टेंबरातलं ते भगदाड २००० पासून ४० लाख चौरस किलोमीटरहून जास्त आक्रसलं होतं. म्हणजे तेरा महाराष्ट्र मावतील एवढं. निम्म्याहून अधिक श्रेय क्लोरीन घटल्याचं. पूर्ण भरायला मात्र २०६६ च्या आसपासचं साल उजाडेल. आज आपल्या मांडीवर खेळणारी नातवंडं तेव्हा चाळिशी ओलांडतील.

मैत्रिणींनो, हिशेब धोका दाखवतो. पण तो खरा की खोटा हे छपरावर चढून बघावं लागतं. आणि एकदा खरा ठरला, की जुनी सवय सोडावी लागते. या गोष्टीत तिन्ही कामं झाली, म्हणून छप्पर वाचतं आहे. हवा तापण्याचा हिशेब तर कधीच खरा ठरला आहे. तिसरं काम अजून बाकी आहे.