अजिंठा लेणी आणि जागतिकीकरण : फर्दापूरच्या दुकानापर्यंत काय पोचतं?

सोयगाव : जागतिकीकरण म्हणजे देशोदेशींचा पैसा, माल आणि माणसांची ये-जा वाढणे. अजिंठा लेणीच्या पायथ्याशी ते डोळ्यांनी दिसतं.

१९८३ साली लेणीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. पुढे १९९० च्या दशकात जपानच्या कर्जातून रस्ते, पाणी, विमानतळ अशी कामं सुरू झाली. बौद्ध लेणी म्हणून जपान, थायलंड, श्रीलंकेचे भाविक इथं येतात. बहुतेक परदेशी पाहुण्यांना तिकीट ६०० रुपये, भारतीयाला ४०.

गाड्यांच्या धुराने चित्रं खराब होऊ नयेत म्हणून खासगी वाहनं सुमारे ४ किलोमीटर अलीकडे, फर्दापूर टी-पॉइंटलाच थांबतात. पुढं एसटीची बस. त्यामुळे दुकानदारीही तिथंच.

पण जग थांबलं की गल्लाही थांबतो. मार्च २०२० मध्ये विमानं आणि लेणी दोन्ही बंद पडली. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. गाईड, हॉटेलवाले, रंगीत दगड विकणारे, सगळ्यांनाच झळ बसली.

लेणी आधी उघडली, तेव्हा आले ते आपल्याच भागातले लोक. पावसाळ्यात धबधबा बघायलाही तेच येतात. परदेशी पाहुणा हवाच, पण धंदा टिकवायचा तर जवळच्या गिऱ्हाइकाला विसरून चालत नाही.