पाण्याचा अडसर : कोरड्या मोरीचा इतिहास

१/
मे महिन्याच्या अखेरीस गावाहून नाशिकच्या भाड्याच्या घरी परतले. कुलूप उघडताच कुजक्या अंड्यासारखा दर्प अंगावर आला. उंदीर मेला असावा असे वाटून सारे कोपरे धुंडाळले. काही सापडले नाही. घरमालकीण आजी दारातूनच म्हणाल्या, "अगं, महिनाभर मोरीत पाणी पडलं नाही ना? आधी बादलीभर ओत." ओतले. तासाभरात दर्प ओसरला. आजचा धागा त्या बादलीभर पाण्याच्या इतिहासाविषयी.

२/
न्हाणीतील जाळीखाली एक उथळ भांडे बसवलेले असते. भारतीय अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव 'नहाणी ट्रॅप'. त्याची रचना अशी की वापरलेले पाणी वाहून गेले तरी साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच उंचीचे पाणी आत अडून राहते. पाणी खाली जाते, पण गटारातील वायू ते पाणी भेदून वर येऊ शकत नाही. वाड्याच्या दाराला आतून लाकडी अडसर असे. मोरीला हा पाण्याचा अडसर.

३/
हा अडसर झिजत नाही, गंजत नाही. मात्र तो वाळतो. न्हाणी काही आठवडे वापरात नसली आणि हवा उन्हाळ्याची असली की पाण्याची वाफ होऊन जाते. मग घर आणि गटार यांच्यामध्ये उरते ती केवळ भोकांची जाळी. दर्प येतो, झुरळेही येतात.

४/
आता प्रश्न असा, की जुन्या वाड्यांत हा ट्रॅप नव्हता, मग तेथे हा दर्प का नसे? कारण तेथे बंद नळच नव्हता. न्हाणीत तांब्याचा बंब, घंगाळ, खाली दगडी फरशी आणि कोपऱ्यात मोरी. मोरीचे पाणी भिंतीतील छिद्रातून परसात जाई व तेथे अळू किंवा केळ पोसे. नाहीतर ते उघड्या गटाराला मिळे. वायू कोंडण्यास जागाच नव्हती. शौचकूप तर न्हाणीपासून दूर, घराच्या मागील अंगास असे.

५/
याचा अर्थ जुनी व्यवस्था निर्मळ होती असा मात्र नव्हे. उघडी गटारे होती, टोपलीचे संडास होते आणि ती टोपली डोक्यावरून वाहून नेणारी माणसे होती. वाड्याच्या मागल्या दाराने येणाऱ्या त्या माणसांना पुढल्या दाराने प्रवेश नव्हता. घराला दर्प येत नव्हता, कारण तो जातीने ठरवून दिलेल्या कोणाच्या तरी डोक्यावरून बाहेर जात होता. हे वाक्य लक्षात असू द्यावे. शेवटी आपण येथेच परत येणार आहोत.

६/
बंद नळाचा प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर लंडनपुढे उभा राहिला. राणी एलिझाबेथचा धर्मपुत्र सर जॉन हॅरिंग्टन याने १५९६ मध्ये पाण्याने धुतला जाणारा शौचकूप वर्णिला होता. पण खालचा दर्प वर येऊ न देण्याची सोय त्यात नव्हती. ती १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग याच्या एकाधिकारपत्रात आली. कमिंग व्यवसायाने घड्याळजी. त्याने नळालाच वाक दिला, म्हणजे त्या वाकात पाणी कायम साचून राहावे. आपल्या बेसिनखालचा वाकडा नळ हा त्याचाच वंशज.

७/
युरोपातील वैद्यक त्या काळी असे मानी की कुजण्यातून उठणारी दूषित हवा, म्हणजे 'मायाझ्मा', हेच रोगाचे मूळ. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी सडली की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्या दर्पाने जागे झालेल्या पार्लमेंटने जोसेफ बॅझलजेट याच्या भुयारी गटारांना पैसा दिला.

८/
वस्तुतः त्याआधी चार वर्षे, १८५४ मध्ये, डॉ. जॉन स्नो यांनी सोहो भागातील कॉलऱ्याचा माग काढून दाखवले होते की तो हवेतून नव्हे, पाण्यातून पसरतो. पण त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. इतिहासातील ही एक गमतीची गाठ आहे : गटारे बांधली गेली ती चुकीच्या कारणासाठी, आणि कॉलरा हटला तो त्यांनी पिण्याचे पाणी शुद्ध राहू लागले म्हणून.

९/
१८७१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला विषमज्वर झाला. तो ज्या घरी पाहुणा होता, तेथील गटारवायूवर दोष आला. त्यानंतर विलायतेतील श्रीमंत घरांत 'गटारवायू' या शब्दाचाच धसका बसला. ट्रॅपमधील पाणी टिकावे म्हणून नळाला हवा पुरवणारी उभी नळी, म्हणजेच व्हेंट पाइप, हिचे महत्त्व याच काळात वाढत गेले. आपल्या गच्चीवर जाळीची टोपी घालून उभी असलेली नळी ती हीच.

१०/
मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले. पाणी आले म्हणजे सांडपाणीही आले. पण ते वाहून नेणारी गटारे त्या गतीने आली नाहीत. बेट सपाट, भरतीच्या पातळीशी जवळीक, त्यामुळे उतार मिळेना. दोन घरांमधील अरुंद गल्ल्यांत मोऱ्यांचे पाणी आणि संडासांच्या टोपल्या एकत्र येत. त्या गल्ल्यांतून हलालखोर म्हणवल्या जाणाऱ्या कामगारांना रोज वाट काढावी लागे.

११/
सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे रुग्ण ओळखले. येर्सिनने प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोचतो हे ठाऊक नव्हते. मग जुन्या समजुतीने पुन्हा डोके वर काढले. संशय गटारांवर आला. त्यांतून समुद्राचे पाणी आणि कार्बॉलिक आम्ल सोडण्यात आले, घरांना चुना फासण्यात आला.

१२/
प्लेग थांबला नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. १८९९ मध्ये आमच्या नाशिकजवळील भगूर येथे दामोदरपंत सावरकर प्लेगनेच गेले. दरम्यान १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोग करून दाखवले होते की प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो. १९०५ पासून मुंबईत झालेल्या संशोधनाने त्याला दुजोरा दिला. गटाराचा दर्प प्लेगच्या आरोपातून निर्दोष सुटला.

१३/
विसाव्या शतकात मायाझ्माचा सिद्धांत इतिहासजमा झाला. पण त्याच्या धाकाने घरोघर पोचलेला ट्रॅप मात्र राहिला आणि भारतात त्याला आपल्या न्हाणीचे नाव चिकटले. युरोपीय घरात न्हाणे टबात असे. आपले न्हाणे जमिनीवर, बादली-तांब्याने. म्हणून आपला ट्रॅपही जमिनीत. रोज अंघोळ, रोज फरशी धुणे. त्यामुळे अडसर आपोआप भरलेला. त्याची निगा राखावी लागते हे कोणाला शिकवावेच लागले नाही.

१४/
आणि मग २००३ साल आले. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स ही उंच इमारतींची वसाहत. मार्चमध्ये सार्सने आजारी असलेला, अतिसाराचा त्रास होत असलेला एक पाहुणा तेथील 'ई' इमारतीत दोनदा येऊन गेला. पुढील काही आठवड्यांत वसाहतीतील ३०० हून अधिक लोकांना लागण झाली, ४० हून अधिक दगावले. एकमेकांना कधी न भेटलेली, वेगवेगळ्या मजल्यांवरील माणसे आजारी पडली होती. त्यांना जोडणारा दुवा होता सांडपाण्याचा उभा नळ.

१५/
चौकशीत आढळले की पुष्कळ न्हाणीघरांतील जमिनीच्या मोरीचे ट्रॅप कोरडे पडले होते. रहिवासी फरशी पाण्याने धूत नसत, पोछा मारत. अडसर वाळला होता. वर पंखा लावून दार बंद केले की तो पंखा नळातील हवा, आणि तिच्यासोबत दूषित तुषार, घरात ओढून घेई. संसर्ग पसरण्याच्या कारणांत याची गणना झाली. तेव्हापासून हाँगकाँगचे शासन नागरिकांना सांगत आले आहे : प्रत्येक मोरीत आठवड्यातून एकदा सुमारे अर्धा लिटर पाणी ओता.

१६/
येथे इतिहास एक वळसा पूर्ण करतो. प्रत्येक दर्प हा रोग असतो असे मानणारे एकोणिसावे शतक चुकले होते. पण गटाराची हवा घरात आली तरी बिघडत नाही असे मानून निर्धास्त झालेले शतकही पुरते बरोबर नव्हते. आज नाशिकच्या नव्या फ्लॅटमध्ये दोन-दोन न्हाणीघरे आहेत. एक रोजचे, दुसरे पाहुण्यांचे. पाणी जपायचे म्हणून फरशी पुसली जाते, धुतली जात नाही. सवय बदलली, ट्रॅप मात्र जुन्या सवयीच्या भरवशावर बसला आहे.

१७/
तेव्हा दर्प आला तर काय करावे? प्रथम जाळी काढून आत विजेरीचा उजेड टाकावा. पाणी चमकले नाही तर अडसर वाळला आहे. बादलीभर पाणी सावकाश ओतावे व तासभर थांबावे. दर्प गेला तर निदान झाले. न्हाणी पुन्हा दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर पाण्यावर चमचाभर गोडे तेल सोडावे. तवंगामुळे वाफ होण्याचा वेग मंदावतो.

१८/
भरलेले पाणी एक-दोन दिवसांतच नाहीसे झाले, तर दोष बाष्पीभवनाचा नव्हे. ट्रॅपला तडा गेला असेल. किंवा वरच्या मजल्यावरून पाणी जोराने उतरताना खालचे पाणी ओढले जात असेल. दुसऱ्या बाबतीत गच्चीवरील व्हेंट पाइप पाहून घ्यावा. पाला किंवा पक्ष्याचे घरटे यांनी तो बुजलेला असू शकतो. तेथे प्लंबरच हवा.

१९/
पाणी जागेवर असूनही दर्प येत असेल, तर जाळीखालचा केसांचा व साबणाचा मळ काढावा, ट्रॅपमधील वाटी नीट बसली आहे का ते पाहावे, कमोडच्या बुडाशी फट आहे का ते तपासावे. एक इशारा : घाईने ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

२०/
आता पाचव्या टिपणाकडे परत येऊ. कुजक्या अंड्याचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेत त्याचा लेशमात्र अंश असला तरी नाक तो टिपते. प्रमाण बरेच वाढले की मात्र घ्राणशक्तीच बधिर होते. वास येईनासा होतो आणि धोका टळला असे वाटते. त्याहून अधिक प्रमाणात काही श्वासांत माणूस कोसळतो. माझ्या खोलीत जो केवळ त्रास होता, तोच वायू मॅनहोलच्या तळाशी मृत्यू असतो.

२१/
हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा-साधनांवाचून गटारात व सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यासही मनाई केली. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण मृत्यू थांबले नव्हते.

२२/
कमिंगच्या वाकापासून नहाणी ट्रॅपपर्यंतची सारी बुद्धिमत्ता एका बाजूच्या माणसाला सुरक्षित ठेवण्यासाठी खर्च झाली. अडसराच्या पलीकडल्या बाजूस कोण आहे, हा प्रश्न त्या आराखड्यांत कधी नव्हताच. टोपली गेली, नळ आला. पण नळ तुंबला की आत उतरणारा माणूस बहुधा त्याच वस्त्यांतून येतो, जेथून पूर्वी टोपली उचलणारा येई.

२३/
म्हणून दोन गोष्टी. आज घरातील न वापरलेल्या प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता. सुटीवर निघण्यापूर्वी आणि परत आल्यावरही. आणि सोसायटीची टाकी किंवा चेंबर उपसण्याची वेळ येईल, तेव्हा सभेत एवढेच विचारा : काम यंत्राने होणार आहे ना? आजींची बादली आपले घर राखते. हा प्रश्न दुसऱ्या कोणाचे तरी घर राखेल.

धागा समाप्त. तुमच्या घरी या जागेला काय म्हणतात : न्हाणी, मोरी की आणखी काही? जरूर लिहा.