गळ्यातली चंद्रकोर

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे लष्करी गणवेश आमच्या मुलांना नवा नाही. कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांच्या कॉलरवर दोन्ही बाजूंना लाल पट्ट्या असतात. त्यांना ‘गॉर्जेट पॅच’ म्हणतात. एकदा दहावीतल्या एका मुलाने विचारले, “सर, गॉर्जेट म्हणजे काय?” मी म्हणालो, “गळ्याचे चिलखत.” तो म्हणाला, “पण सर, ते तर कापड आहे!”

पोराची शंका रास्त होती. फ्रेंचमध्ये ‘गॉर्ज’ म्हणजे घसा. त्यावरून हा शब्द इंग्रजीत आला. मध्ययुगात युरोपातील स्त्रिया गळा झाकण्यासाठी जे वस्त्र गुंडाळीत, त्यालाही हेच नाव होते. पण शब्दाला वजन आले ते पोलादामुळे. शिरस्त्राण डोके सांभाळी, छातीवरचा पत्रा काळीज सांभाळी. मधली चार बोटे जागा उघडी राही, आणि शत्रूचे लक्ष नेमके तिथे. म्हणून गळ्याभोवती पोलादी पट्टा आला. शेक्सपिअरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’त म्हाताऱ्या नेस्टरची नक्कल आहे, ती थरथरत्या हातांनी हा पट्टा अडकवू पाहण्याचीच. ट्रॉयच्या लढाईतल्या ग्रीकाला आपल्या काळचे चिलखत चढवायला शेक्सपिअरला काही संकोच वाटला नाही!

पुढे बंदुका सुधारल्या. पत्रा जाड करावा तर माणसाला चालवेना, पातळ ठेवावा तर गोळी आरपार. एकेक करून चिलखताचे भाग गळाले. गळ्यातला पट्टा मात्र टिकला, पण आक्रसून. अठराव्या शतकात त्याची चंद्रकोरीएवढी पट्टी झाली, चांदीची किंवा सोन्याचा मुलामा दिलेली, फितीने गळ्यात अडकवलेली. तिने सुरीसुद्धा अडली नसती. ‘हा अधिकारी आहे आणि कामावर आहे’ एवढेच ती सांगे. चार्ल्स विल्सन पील याने १७७२ साली काढलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्रात ती दिसते. वॉशिंग्टन त्यात व्हर्जिनिया रेजिमेंटच्या कर्नलच्या पोशाखात आहे. ज्या राजसत्तेविरुद्ध तो पुढे लढला, त्याच राजसत्तेच्या चाकरीतली ही खूण! ब्रिटिश सैन्याने ही पट्टी १८३० साली बंद केली. नाव तेवढे मागे राहिले आणि पुढे कॉलरच्या कापडी पट्ट्यांना चिकटले.

इथवरची कथा मी मुलाला सांगितली. पुढची सांगितली नाही. ती मला नंतर वाचायला मिळाली.

१८१५ साली न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर मॅक्वारी याने बुंगारी नावाच्या तिथल्या मूळ रहिवाशाच्या गळ्यात अशीच एक पितळी चंद्रकोर घातली. तिच्यावर कोरले होते : ब्रोकन बे टोळीचा प्रमुख. आता, त्या लोकांत असा वरून नेमलेला प्रमुख नसे. वडीलधारी मंडळी मिळून निर्णय घेत. गोऱ्यांना बोलणी करायला एक माणूस हवा होता, म्हणून त्यांनी प्रमुख घडवला. बुंगारी काही ऐरागैरा नव्हता. १८०२-०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजातून त्याने अख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली होती, किनाऱ्यावरच्या अनोळखी लोकांशी गोऱ्यांची गाठ घालून दिली होती. या कर्तबगारीबद्दल पट्टीवर अवाक्षर नाही. पुढे सिडनी बंदरात येणाऱ्या जहाजांचे स्वागत तो जुन्या लष्करी कोटात, ती पट्टी मिरवीत करी. पाहुण्यांची करमणूक होई.

युरोपातल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात ती पट्टी असे तेव्हा तिच्यामागे त्याचा अधिकार असे. बुंगारीच्या गळ्यात नुसती पट्टीच होती. त्याच्या लोकांची जमीन तर हातची चाललीच होती.

ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या गळ्यातून चंद्रकोर उतरली त्याच १८३० सालच्या नोव्हेंबरात बुंगारी वारला. ऑस्ट्रेलियातले गोरे जमीनदार मात्र आपल्या मर्जीतल्या मूळ रहिवाशांना अशा पट्ट्या विसाव्या शतकापर्यंत देत राहिले. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांतल्या बऱ्याच ठेवल्या आहेत. कुणावर ‘राजा बिली’, कुणावर ‘राजा जॅकी’ अशा धर्तीची नावे कोरलेली. त्या माणसांना त्यांच्या आईने कोणत्या नावाने हाक मारली असेल, ते अशा पट्ट्यांवर सापडत नाही.