उघडता येणारं यंत्र : कोल्हापुरी कॅमेऱ्याची कुळकथा

कोल्हापूरच्या कॅमेऱ्याचा मूळपुरुष म्हणजे मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेला एक वापरलेला प्रोजेक्टर. तो आणला आनंदराव पेंटरांनी. ते आणि पुढं हा कॅमेरा पुरा करणारे बाबूराव हे नात्यानं भाऊ, आडनाव मिस्त्री, धंदा नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्याचा. ‘पेंटर’ हे नाव त्या धंद्यानं दिलं. बाबूरावांचे वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम आणि हस्तिदंतावरचं कोरीवकाम या तिन्हींत हात बसलेले कारागीर होते. शाळा-कॉलेजातलं कलाशिक्षण बाबूरावांना मिळालं नाही. रंग, माती, लाकूड आणि लोखंड ही त्यांची शाळा.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला आणि पडद्यावरची हलती चित्रं आपल्याकडेही काढता येतात हे दिसलं. पेंटर बंधूंना त्या चित्रपटानं झपाटलं. त्यांनी प्रोजेक्टर घेतला, चित्रपट दाखवायला सुरुवात केली आणि दाखवता दाखवता यंत्र न्याहाळायला लागले. पुढं काय झालं ते समजायचं तर प्रोजेक्टरच्या पोटात डोकवायला हवं.

हलतं चित्र मुळात थांबत थांबत चालतं. फिल्मच्या दोन्ही कडांना भोकं असतात. एक नखी त्या भोकात अडकते, फिल्म एका चित्राएवढी खाली ओढते आणि सुटते. फिल्म क्षणभर स्थिर राहते, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत-बाहेर जातो. झडप मिटली की नखी पुन्हा ओढते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा व्हायचं, तेही हातानं हँडल फिरवून. प्रोजेक्टरमध्ये दिवा आत असतो आणि प्रकाश बाहेर पडतो; कॅमेऱ्यात प्रकाश बाहेरून आत येतो. बाकी ओढणं, थांबवणं, झाकणं हे सगळं तेच. ल्युमिएर बंधूंचं १८९५ सालचं यंत्र तर एकाच पेटीत चित्र घ्यायचं, छापायचं आणि दाखवायचंही. म्हणून ज्याला प्रोजेक्टर खोलून पुन्हा जोडता आला, त्याच्या हाताला कॅमेऱ्याचा अर्धा रस्ता माहीत झालेला असतो. उरलेला अर्धा अवघड असतो: पेटीत उजेडाचा एक किरणही चोरून शिरता कामा नये, आणि प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्या नेमक्या जागी थांबलं पाहिजे. केसाएवढा फरक पडला तरी पडद्यावर सगळं थरथरतं.

त्या काळी कॅमेरा मिळवायचा सरळ मार्ग म्हणजे तो विलायतेहून आणणं. सावे दादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी एकवीस गिनी मोजून तो मागवला होता. फाळक्यांनी १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्यांनी तिसरा मार्ग धरला: समोरचं यंत्र समजून घ्यायचं आणि आपलं घडवायचं. आनंदराव कॅमेरा जुळवत असतानाच १९१६ साली गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य, यंत्रात विलक्षण डोकं चालणारा माणूस. दोघांनी मिळून १९१८ साली चालणारा कॅमेरा उभा केला. भारतात बनलेला पहिला सिनेमाचा कॅमेरा म्हणून तो ओळखला जातो.

याच वर्षांत अमेरिकेत काय चाललं होतं ते शेजारी ठेवून पाहावं. तिथं १९०८ साली एडिसन आणि इतर पेटंटधारकांनी एकत्र येऊन मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी काढली. कॅमेरा, प्रोजेक्टर, फिल्मची वळी यांवरची पेटंटं एका मुठीत आली. कच्ची फिल्म बनवणाऱ्या ईस्टमनशी करार झाला. परवाना नसलेल्यानं चित्रपट काढू नये, परवाना नसलेला चित्रपट कुणी दाखवू नये, असा बंदोबस्त झाला. प्रोजेक्टरवर चक्क एक पाटी ठोकलेली असे: हे यंत्र विकत घेतलं तरी त्यावर फक्त परवानाधारकांचेच चित्रपट दाखवायचे. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूचा वापर विकणाऱ्याच्या मर्जीवर! प्रकरण कोर्टात गेलं. १९१५ साली ही युती बेकायदा ठरली. ९ एप्रिल १९१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं युनिव्हर्सल कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की यंत्र विकल्यावर त्यावर कोणता चित्रपट चालवायचा हे पेटंटधारक ठरवू शकत नाही. त्याच वर्षी १ डिसेंबरला कोल्हापुरात बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. या दोन तारखांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण प्रश्न एकच होता: यंत्र विकत घेणाऱ्याचं की विकणाऱ्याचं?

बाबूरावांच्या कॅमेऱ्याला नक्कल म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. पेटंट ही समाजानं शोधकर्त्याशी केलेली देवघेव आहे. तू तुझी युक्ती जगाला उघड करून सांग, बदल्यात काही वर्षं तिचा एकाधिकार घे. यातला ‘उघड करून सांग’ हा भाग कंपन्यांना अडचणीचा वाटतो आणि एकाधिकाराची मुदत नेहमी अपुरी वाटते. कारागिरी पिढ्यानुपिढ्या दुसऱ्याचं काम उलगडून शिकत आली. मूर्तिकार, गवंडी, चांभार, लोहार, कुणीही घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर आणि फाउंड्रीत जे ज्ञान हातात आलं, ते इंजिनं खोलूनच आलं. बाबूरावांनी खोललेल्या प्रोजेक्टरमुळं त्याच्या मूळ निर्मात्याचं एक पैशाचं नुकसान झालं नाही. कोल्हापूरला मात्र एक अख्खा व्यवसाय मिळाला.

स्वावलंबनाची ही गोष्ट पुरी नव्हती, हेही नोंदवायला हवं. कॅमेरा घरचा झाला, पण त्यात घालायची फिल्म परदेशातूनच यायची. ती इथं बनायला उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सपर्यंत, म्हणजे १९६० नंतरचा काळ उजाडावा लागला. यंत्र आपलं आणि त्याचा खुराक दुसऱ्याच्या हातात, ही ओढाताण तेव्हापासूनची आहे.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं तानीबाई कागलकर या गायिकेनं. मराठी चित्रपटाच्या इतिहासात हे नाव जेवढ्या ठळकपणे यायला हवं तेवढं येत नाही, याची मला खंत आहे. एका गाणाऱ्या बाईनं पैसा घातला आणि दोन बाईमाणसांनी पडद्यावर यायचं धाडस केलं. गुलाबबाई ‘कमलादेवी’ झाल्या, अनसूयाबाई ‘सुशीलादेवी’ झाल्या. बायकांनी सिनेमात काम करणं तेव्हा बदनामीचं होतं, समाजाचा रोष दोघींनी झेलला. फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी पुरुष उभा करावा लागला होता. ती अडचण कोल्हापूरनं ओलांडली ती या दोघींच्या हिमतीवर.

कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. झुंजारराव पवार कीचक, बाळासाहेब यादव भीम. कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच कीचकवधावर सेन्सॉरची कात्री चालली. १९१८ सालच्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० साली मुंबईत सेन्सॉर मंडळ बसलं. महाभारतातला एक अत्याचारी पुरुष बलवंताच्या हातून मारला जातो, यात सरकारला काय दिसलं असेल ते १९२० सालच्या वाचकाला समजावून सांगावं लागलं नसतं. भीषणतेचं कारण पुढं करून राजकीय भीती झाकणं ही रीत तिथपासून आपल्याकडं रुजली आणि राज्यकर्ते बदलले तरी टिकली.

सेन्सॉरमागोमाग कर आला. हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरचा ‘सिंहगड’ १९२३ साली आला आणि त्याला लोटलेली गर्दी महसूल खात्याच्या डोळ्यांत भरली. त्याच सालचा मुंबई इलाख्याचा करमणूक शुल्क कायदा आहे. पुढं १९२५ साली ‘सावकारी पाश’ आला. कथा नारायण हरि आपट्यांची. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. देवदेवतांचे आणि किल्ल्यांचे चित्रपट चालत असताना शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो ही गोष्ट सांगायला छाती लागते, आणि माझ्या मते बाबूरावांचं सर्वांत मोठं काम तेच. कॅमेरा भाड्याचा आणि मालक परका असता, तर ही गोष्ट चित्रित झाली असती का याची मला शंका आहे.

या कॅमेऱ्याची संतती मोठी. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सगळे महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडले. सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजी त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात फिल्म कंपनी’ उभी केली. गुरूकडून घेतलेली विद्या त्यांनी गुरूच्याच धंद्यात, गुरूसमोर लावली. आजच्या कंपनीनं यांच्यावर करारभंगाचे दावे ठोकले असते. तसं झालं असतं तर प्रभात नसती. प्रभातच्या १९३० सालच्या ‘स्वराज्याचे तोरण’ला सेन्सॉरनं अडवलं, कारण ‘स्वराज्य’ हा शब्दच नको होता. चित्रपट ‘उदयकाल’ या नावानं आला. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांच्या ‘संत तुकाराम’चा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. जुन्या बाजारातल्या प्रोजेक्टरपासून व्हेनिसपर्यंतचं अंतर पंचवीस वर्षांच्या आत कापलं गेलं.

आता आजचा एखादा आनंदराव डोळ्यांसमोर आणा. सिनेमागृहात चित्रपट येतो तो कुलूपबंद फाइल म्हणून. तिची किल्ली ठरावीक यंत्रापुरती आणि ठरावीक दिवस-तासांपुरती असते. मुदत संपली की फाइल थिएटरात असूनही उघडत नाही. १९१७ साली कोर्टानं निरर्थक ठरवलेली पाटी अशी यंत्राच्या पोटात जाऊन बसली आहे, आणि तिथं ती कुणाला दिसतही नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूनं असं कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कलमात हेतूची अट आहे, संशोधनाला सवलत आहे, तेवढं चांगलं केलं. पण शिकण्यासाठी यंत्र खोलणाऱ्या पोराला आपला हेतू सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार असतील, तर तो स्क्रू ड्रायव्हर हातात घेणारच नाही. केंद्र सरकारनं २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे विषय तिच्यापुढं होते. हा हक्क कागदावरून कायद्यात आणि कायद्यातून मिस्त्रीच्या टेबलावर यायला हवा.

चोरीला माझा पाठिंबा नाही. लेखकाला, संगीतकाराला, तंत्रज्ञाला त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे; मराठी चित्रपटात तो वेळेवर मिळत नाही ही रड जुनी आहे. माझा अविश्वास आहे तो कलावंताचं नाव पुढं करून साठा अडवणाऱ्यांवर. कारण मालकी सांगणारे जतन करतात, असा अनुभव नाही. ‘सैरंध्री’वरचा कॉपीराइट केव्हाच संपला, ती आता सगळ्यांची आहे. पण दाखवायला तिची एकही प्रत नाही. बाबूरावांच्या मूकपटांतले ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे अवशेष उरले आहेत. भारतात हजाराहून अधिक मूकपट बनले, त्यांतले फार थोडे वाचले. काही नायट्रेट फिल्म पेटून गेली, काही कुजली, काही चांदी काढण्यासाठी विकली गेली. १९१८ सालच्या कायद्यात चित्रपट तपासायची सोय होती, सांभाळायची नव्हती. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली, म्हणजे बाबूराव जाऊन दहा वर्षं झाल्यावर. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभातच्या मूळ फिल्मही तिच्यात गेल्या.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. १ डिसेंबरला तिथं हार-फुलं वाहिली जातात, ती वाहिलीच पाहिजेत. त्याबरोबर आणखी एक काम करता येईल. बाबूराव चित्रपटासोबत माहितीपुस्तिका काढत, पोस्टर स्वतः रंगवत. ‘कल्याण खजिना’चं १९२४ सालचं पोस्टर अजून आहे. असा कागद, जाहिरात, फोटो, फिल्मची डबी कोल्हापूर, सांगली, मिरज, बेळगावच्या जुन्या वाड्यांतून, बंद थिएटरांच्या माळ्यांवरून, नाटक कंपन्यांच्या पेट्यांतून अजून निघू शकते. आपल्या घरात असं काही सापडलं तर ते रद्दीत किंवा भंगारात घालू नका. जुनी नायट्रेट फिल्म झटकन पेट घेते, ती घरात उकलू नका, उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवू नका. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालय आहे, त्यांना कळवा.